जुने जोते, नवे घर आणि सरकता किनारा

3 जून 2020 च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे दापोली-मंडणगडपर्यंत घरांची कौले आणि पत्रे उडवले, भिंती खचवल्या, पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत राज्य सरकारने दीड लाख रुपयांपर्यंत वाढवली आणि कोकणात घरे पुन्हा उभी राहू लागली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीच धांदल झाली. पावसाळा दारात उभा असताना घर गमावलेल्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर हवे असते आणि ते लवकर हवे असते, यात वावगे काहीच नाही. पण किनाऱ्यावर घर पुन्हा बांधणे ही नुसती डागडुजी नसते. पुढची पन्नास-साठ वर्षे समुद्राच्या काठावर काय उभे राहील, तिथले पाणी कुठे मुरेल, वाळू कुठे अडेल, हे त्या एका निर्णयाने ठरून जाते. आपल्याकडे हा निर्णय तपासताना मुख्यतः एकच प्रश्न विचारला जातो : नवे घर जुन्याएवढेच आहे ना? माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : ज्या किनाऱ्यावर जुने घर बांधले होते, तो किनारा अजून तसाच आहे का?

आजची व्यवस्था कशी घडली ते आधी पाहू. नोव्हेंबर 1981 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून किमान 500 मीटरचा पट्टा बांधकामांपासून मोकळा ठेवण्यास कळवले. त्या विचाराला कायद्याचे रूप यायला दहा वर्षे लागली. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 19 फेब्रुवारी 1991 रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे ज्याला आपण सारे सीआरझेड म्हणतो त्याची, पहिली अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र आणि त्यापुढे 500 मीटरपर्यंत मर्यादित बांधकाम, अशी तिची मांडणी होती. ना विकास क्षेत्रात आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येईल, मात्र चटई क्षेत्र, जोत्याचे क्षेत्र आणि दाटी वाढता कामा नये, अशी अट होती. 2011 आणि 2019 मध्ये नव्या अधिसूचना आल्या. मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजांना 100 ते 200 मीटरच्या पट्ट्यात घरे बांधण्याची सवलत मिळाली. दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकसंख्येच्या ग्रामीण भागांत तर 2019 च्या अधिसूचनेने ना विकास क्षेत्र 200 वरून 50 मीटरवर आणले. खाडीकाठची मर्यादाही 100 मीटरवरून 50 मीटरवर आली. हीच कपात 1994 मध्ये करू पाहणारी दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये रद्द केली होती, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. या सगळ्या उलथापालथीत जुन्या घरासंबंधीची अट मात्र जवळपास तशीच राहिली. पुन्हा बांधा, पण जुन्या मापात.

आता हे माप तपासते कोण? 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत इमारतीचा विचार सुरू होतो तो 20,000 चौरस मीटर बांधकामापासून. एखादे घर त्या उंबरठ्याच्या जवळपासही जात नाही. 300 चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घरासाठी राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीचीही गरज ठेवलेली नाही. सीआरझेडचे नियम पाहून परवानगी देण्याचे काम स्थानिक यंत्रणेकडे सोपवले आहे. सामान्य माणसाला लहानशा घरासाठी मुंबईला हेलपाटे घालायला लावू नयेत, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु ज्या यंत्रणेकडे काम आले, तिच्याकडे किनाऱ्याची पाहणी करणारा माणूस नाही, वाळूच्या हालचालीची नोंद नाही आणि भूजलाची मोजणीही नाही. तिच्यापुढे असतात सातबारा, घरपट्टीची पावती, जुने क्षेत्रफळ आणि नकाशा. मग पर्यावरणाचा विचार करायचा म्हणजे जोत्याची लांबी-रुंदी ताडून पाहायची, असे होऊन बसते.

हे माप अपुरे का आहे, हे समजायला पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, कशी जगते ते पाहावे लागेल. जून ते सप्टेंबरमध्ये उंच, जोरकस लाटा पुळणीवरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात आणि तिथे तिचा बांध तयार होतो. त्या बांधावर लाटा आधीच फुटतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा मारा कमी होतो. पावसाळा सरला की सौम्य लाटा हीच वाळू हळूहळू परत आणतात. मागच्या बाजूला वाऱ्याने साठवलेले वाळूचे उंचवटे असतात. मोठ्या उधाणात समुद्र त्यातली वाळू उचलतो आणि नंतर वारा ती पुन्हा भरतो. घरातली कणगी जशी अडीअडचणीत उपसायची आणि सुगीत भरायची असते, तसेच या उंचवट्यांचे काम चालते. कोकणात या व्यवहाराला आणखी एक मर्यादा आहे. आपला किनारा सलग वाळूचा नाही. डोंगराच्या दोन सोंडा समुद्रात शिरतात आणि त्यांच्यामध्ये पुळण वसते. बाहेरून येणारी वाळू बेताची असते, त्यामुळे एका पुळणीचे नुकसान बहुतेक तिलाच सोसावे लागते. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातल्या उपग्रह प्रतिमा तपासल्या तेव्हा देशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची धूप होत असल्याचे दिसले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. म्हणजे 1970 साली भरतीरेषेपासून पुरेशा अंतरावर असलेले घर आज जागचे हलले नसले, तरी रेषा त्याच्या जवळ आलेली असू शकते. जोत्याचे क्षेत्रफळ मोजून ही गोष्ट कधीच कळणार नाही.

दुसरी अडचण अशी की सारख्याच जोत्यावरची दोन घरे किनाऱ्याला सारखा त्रास देतीलच असे नाही. जुने घर जांभ्याचे, मातीचे, लाकडाचे आणि मंगलोरी कौलांचे होते. ते पडले तर चिरा पुन्हा वापरता येई, लाकूड कामी येई आणि माती मातीत मिसळून जाई. आजचे घर काँक्रीटचे, सळ्यांचे, काचेचे आणि फरशीचे असते. ते पाडल्यावर निघणारा राडारोडा खाडीच्या काठाला किंवा कांदळवनात जाऊन पडतो आणि ओहोटीचे पाणी अडवतो. वादळात फुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असेल तर त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात, आणि तरीही ते तुकडे आवारातच पुरले जातात. जुन्या घराच्या समुद्राकडच्या अंगाला मर्यादवेल पसरलेली असे, केवड्याची दाटी असे. त्यांची मुळे वाळू धरून ठेवत. नव्या घरासाठी ‘आवार स्वच्छ’ करताना पहिला घाव याच वनस्पतींवर पडतो. उंचवटा सपाट होतो, त्यावर लाल माती पसरते, भोवती चिऱ्याची पक्की भिंत येते आणि वाऱ्याने येणारी वाळू बाहेरच थांबते. कणगी रिकामी होते आणि पुन्हा भरण्याची वाटही बंद होते. कागदावर मात्र जोते जुन्याइतकेच असते.

पाण्याची गोष्ट तर याहून सूक्ष्म आहे. वाळूखाली गोड्या पाण्याचा साठा खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, कारण गोडे पाणी किंचित हलके असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंते बाडोन घायबेन आणि त्यानंतर जर्मन अभियंते हर्झबर्ग यांनी या समतोलाचे गणित मांडले. समुद्रसपाटीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी एक मीटर वर असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. याचा उलटा अर्थ असा की उपसा करून ती पातळी अर्धा मीटर उतरवली तर खालचे खारे पाणी कालांतराने 20 मीटर वर सरकू शकते. म्हणून तर सीआरझेडच्या नियमांत किनाऱ्यालगत भूजल उपसण्यावर बंधने आहेत आणि 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून हाताने पाणी काढण्यापुरतीच मुभा ठेवली गेली. रहाटाने पाणी काढणाऱ्या घराची गरज आणि पाच खोल्यांना पाच संडास-न्हाणीघरे जोडून पर्यटकांना उतरवून घेणाऱ्या घराची गरज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या घराला पंप लागतो, बऱ्याचदा विंधन विहीर लागते. जितके पाणी वर येते त्यातले बरेचसे सांडपाणी होऊन खाली जाते. वाळूतून पाणी इतक्या झपाट्याने झिरपते की शोषखड्ड्यातल्या मैल्याचे जंतू मरायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि पावसाळ्यात भूजल वर आले की खड्डा आणि शेजाऱ्याची विहीर यांच्यात फारसे काही उरत नाही. राहत्या घरात पर्यटकांना ठेवायला नियमांनी परवानगी दिली आहे, अट एवढीच की जोते, रचना आणि दर्शनी भाग बदलू नये. माणसे किती राहणार, पाणी किती उपसणार, मैला कुठे जाणार, याबद्दल ती अट गप्प आहे.

उजेडाचा विचार तर कुणाच्या मनातही येत नाही. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कोकणच्या पुळणींवर अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांच्या साथीने त्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अंजर्ल्यासह अनेक गावे त्यात सामील झाली. दीड-दोन महिन्यांनी वाळूतून बाहेर पडणारे पिल्लू क्षितिजावर जिथे जास्त उजेड दिसेल तिकडे चालू लागते. निसर्गात तो उजेड समुद्राकडे असतो. घराच्या गच्चीवर किंवा फाटकावर पांढरा प्रखर दिवा लागला की पिल्लू उलट्या दिशेला, वस्तीकडे वळते आणि सकाळपर्यंत कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जाते. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. दिवा खाली वळवायचा, त्याला आडोसा करायचा, पिवळसर-तांबूस प्रकाश वापरायचा आणि हंगामात समुद्राकडचे दिवे मालवायचे. घर बांधून झाल्यावर हे कुणी सांगत बसले तर भांडण होते. नकाशा मंजूर करताना सांगितले तर ती एका ओळीची अट असते.

या सगळ्यांत मोठे नुकसान घराच्या मागोमाग येणाऱ्या भिंतीमुळे होते. भरतीरेषेलगत पक्के घर उभे राहिले की दोन-तीन पावसाळ्यांत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी सुरू होते. मागणी करणाऱ्याला दोष देता येत नाही, त्याची आयुष्यभराची कमाई त्या घरात गेलेली असते. पण दगडी बंधारा लाटेची शक्ती शोषून घेण्याऐवजी बरीचशी परत फेकतो. परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते, समोरची पुळण अरुंद आणि खोल होत जाते आणि बंधारा जिथे संपतो तिथून पुढच्या शेजाऱ्याची जमीन अधिक वेगाने कापली जाते. मागच्या उंचवट्यातली वाळूही बंधाऱ्याआड अडकून पडते. ती संकटकाळी पुळणीच्या कामी येत नाही. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या इथे बंधारा वारंवार ढासळला आणि त्यावर वारंवार सरकारी पैसा खर्च झाला. पुळण गेली की होड्या ओढायला, जाळी सुकवायला, मासळी वाळत घालायला जागा उरत नाही. म्हणजे एका घराच्या संरक्षणाची किंमत सारा गाव मोजतो. म्हणून किनाऱ्यावरच्या घराच्या परवानगीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा असायला हवा : या घराला त्याच्या आयुष्यात बंधाऱ्याची गरज पडेल का? उत्तर ‘पडेल’ असेल तर घर चुकीच्या जागी आहे, मग त्याचे जोते कितीही लहान असो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : एवढ्याशा घराने समुद्राचे काय बिघडणार? एका घराने फार बिघडत नाही हे खरेच आहे, आणि म्हणूनच एकेक घर सुटे तपासण्याची पद्धत फसवी आहे. दोन डोंगरसोंडांमधल्या पुळणीमागे चाळीस घरे असतील आणि प्रत्येकाचा स्वतंत्र विचार केला तर चाळीसही वेळा परिणाम नगण्य असाच शेरा पडेल. त्या चाळीस घरांचे शोषखड्डे मात्र एकाच भूजलात उतरतात आणि त्यांची कुंपणे एकाच वाळूला अडवतात. म्हणून तपासणीचा घटक घर न धरता पुळण धरली पाहिजे. या पुळणीला वाळू किती आहे, ती घटते आहे की वाढते आहे, भूजल किती उपसा सोसेल, कासवे कुठे येतात, हे एकदा ठरले की प्रत्येक घराला त्यातला आपला वाटा कळेल. हे प्रत्येक घरमालकाने स्वतःच्या खर्चाने शोधून काढावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते काम सरकारचे आहे, आणि त्यासाठी लागणारी उपग्रह चित्रे, भरतीरेषेचे नकाशे व शास्त्रज्ञ देशात उपलब्ध आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मनापासून ऐकला पाहिजे. कोळी, खारवी, भंडारी, गाबीत, दालदी हे समाज सीआरझेडच्या आधी शतकानुशतके इथे राहत आहेत. त्यांचे गावठाण दफ्तरी नीट नोंदलेले नाही, घर ‘अधिकृत’ ठरवणारा कागद अनेकांकडे नाही. पर्यावरणाच्या नावाने आणखी एक तपासणी आली तर त्यांची झोपडी अडेल आणि पैसेवाल्याचे रिसॉर्ट वाट काढेल, ही भीती अनुभवातून आलेली आहे. माझे उत्तर असे की आजची पद्धतच कागद असलेल्याला झुकते माप देते. ‘जुने अधिकृत जोते’ हीच कसोटी असेल तर ज्याच्याकडे नोंद आहे तो भरतीरेषेलगतही पुन्हा बांधतो आणि नोंद नसलेला मच्छीमार सुरक्षित जागेवरही अडकतो. कसोटी किनाऱ्याची स्थिती आणि घराचा खरा वापर ही असेल तर चित्र पालटते. मच्छीमाराला समुद्रालगत राहणे धंद्यासाठी लागते, भाड्याच्या खोल्यांना तशी गरज नाही. शिवाय पूर्वीच्या वस्तीची रचना पाहा. गुहागर, दापोलीजवळचे मुरूड किंवा दिवेआगर या गावांत समुद्राकडून आधी पुळण, मग वाळूचा उंचवटा, मग नारळी-पोफळीची वाडी आणि तिच्यामागे रस्त्यालगत घरे अशी ठेवण आढळते. अंतर राखणे ही दिल्लीने लादलेली कल्पना नाही, ती कोकणच्या गावरचनेत आधीपासून आहे.

ज्यांना खरोखर मागे सरकावे लागेल त्यांना फक्त ‘इथे बांधू नका’ असे सांगून भागणार नाही. केरळ सरकारने भरतीरेषेपासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांसाठी ‘पुनर्गेहम’ योजना आणली आणि स्वेच्छेने सरकणाऱ्या कुटुंबाला जमीन व घरासाठी मिळून 10 लाख रुपये देऊ केले. कोकणात अशी योजना आणताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. नवी जागा त्याच गावात, होडी आणि जाळ्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी. होडी, जाळी आणि मासळी यांसाठी पुळणीवरचा हक्क कायम राहावा. रिकामी झालेली जमीन गावाची सामाईक पुळण म्हणून नोंदवली जावी, म्हणजे आज कोळ्याने सोडलेल्या जागेवर उद्या हॉटेल उभे राहणार नाही. एवढी हमी नसेल तर मच्छीमाराने जागचे न हलणेच शहाणपणाचे ठरेल.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे. वादळाने उघड्यावर आलेल्या कुटुंबाला अभ्यास संपेपर्यंत ताडपत्रीखाली ठेवायचे का? अजिबात नाही. पण घाईच्या नावाखाली तपासणी पुसून टाकल्याने प्रश्न सुटत नाहीत, हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दिसते. तिथे घराचा 50 टक्के किंवा त्याहून अधिक भाग बदलला तर ती दुरुस्ती न धरता नवे बांधकाम धरले जाते, आणि त्याला किनारा परवाना लागतो. आपत्तीत नष्ट झालेल्या घराला मात्र, ते जुन्या जागी असेल आणि जुन्यापेक्षा 10 टक्क्यांहून अधिक मोठे नसेल, तर सूट आहे. जानेवारी 2025 मधल्या भीषण वणव्यांनंतर तिथल्या गव्हर्नरांनी किनारा कायद्याच्या आणि पर्यावरण तपासणीच्या अटी पुनर्बांधणीपुरत्या बाजूला ठेवल्या. तरीही मालिबूच्या समुद्रालगतच्या घरांपुढे मैल्याच्या टाक्या कुठे ठेवायच्या आणि त्या वाचवायला समुद्रभिंती बांधाव्या लागतील का, हे प्रश्न उभे राहिलेच. आदेशाने परवाना माफ होतो, लाटा माफ होत नाहीत. खरा मार्ग म्हणजे तपासणी वादळाआधी उरकून ठेवणे. प्रत्येक किनारी गावाचा एक नकाशा आधीच तयार असावा : कुठे जुन्या जोत्यावर बिनधास्त बांधता येईल, कुठे त्याच जमिनीत मागे सरकून बांधावे आणि कुठे पुन्हा बांधूच नये. मग वादळानंतर पंचनामा करणारा तलाठी त्याच दिवशी घरमालकाला उत्तर देऊ शकेल. मदतीची रक्कमही त्या उत्तराशी जोडता येईल, म्हणजे मागे सरकणाऱ्याला अधिक पैसे मिळतील.

चौथा आक्षेप असा की समुद्राची पातळी साऱ्या जगाच्या धुरामुळे वाढते, त्याचा भार कोकणातल्या घरमालकाने का वाहायचा? कारण निर्माण करणारे वेगळे आणि सोसणारे वेगळे, हा अन्याय खराच आहे. पण तो लाटेला सांगून उपयोग नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या 2021 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि 2006 नंतर हा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरवर गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांना 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढलेली आढळली. आज बांधलेले घर या वाढत्या समुद्राला तोंड देणार आहे. धूप, पूर आणि पातळीवाढ लक्षात घेऊन देशात धोकारेषा आखली गेली आहे. पण 2019 च्या अधिसूचनेने तिला आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनाचे साधन मानले, बांधकामाची हद्द मानले नाही. भविष्याकडे पाहणारी एकच रेषा आपल्याकडे आहे आणि घराला परवानगी देताना ती बांधील नाही. ही त्रुटी दुरुस्त करायला नवा शोध लागत नाही, इच्छा लागते.

अशी तपासणी प्रत्यक्षात एक-दोन पानांची असू शकते. भरतीरेषेपासूनचे आजचे अंतर आणि गेल्या तीस वर्षांतली धूप किती? समुद्राकडचा वाळूचा उंचवटा आणि त्यावरची वेल-झुडपे राखली जातील का? पाणी कुठून, किती आणि किती माणसांसाठी? मैला कुठे जाईल, चार घरांची मिळून एखादी शुद्धीकरणाची सोय करता येईल का? जुन्या घराचा राडारोडा कुठे नेणार? बांधकामाची वाळू कुठून येणार, खाडीतून चोरट्या उपशाने तर नाही ना? समुद्राकडे दिवे किती? घराचे आयुष्य संपेपर्यंत बंधारा लागेल का? यांतल्या अनेक प्रश्नांची उत्तरे घराचा आराखडा थोडा बदलून मिळतात. पाणी आणि वाळू खालून जाईल असे खांबांवरचे जोते, पक्क्या भिंतीऐवजी कुडाचे किंवा झाडांचे कुंपण, त्याच जमिनीत जमेल तितके मागे सरकणे, यांमुळे खर्च थोडा वाढेल. तो खर्च वादळात घर दुसऱ्यांदा गमावण्यापेक्षा खचितच कमी आहे. कोच्चीजवळच्या मरडू इथे सीआरझेडचे उल्लंघन करून बांधलेल्या चार निवासी संकुलांचे काय झाले ते देशाने पाहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून जानेवारी 2020 मध्ये ती स्फोटके लावून पाडली गेली. घरे घेणाऱ्यांची पुंजी गेली आणि ढिगारा मागे उरला. तपासणी आधी नीट झाली असती तर दोन्ही टळले असते.

म्हणून सरकारकडे मागणी ही की ‘जुने जोते’ हा एकमेव निकष बदलावा, धोकारेषा परवानगीशी जोडावी, प्रत्येक पुळणीचा हिशेब एकदा करून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा आणि मागे सरकणाऱ्या मच्छीमाराला जमीन, पैसा व पुळणीवरचा हक्क यांची लेखी हमी द्यावी. किनाऱ्यावरच्या गावांना विनंती ही की पुढच्या वादळाची वाट न पाहता हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा. आपल्या पुळणीची रेषा वीस-तीस वर्षांपूर्वी कुठे होती, हे सांगणारी जाणती माणसे अजून गावात आहेत. त्यांच्याकडून ती नकाशावर उतरवून घ्यावी. आणि जो कोणी किनाऱ्यावर पुन्हा घर बांधणार असेल, त्याने जुन्या जोत्याला दोरी लावण्याआधी उधाणाच्या दिवशी पाणी कुठवर येते ते मोजावे आणि घराची जागा त्यावरून ठरवावी.